धूर वाचणारे सोपानमामा

सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असायचे. जागे एकटे सोपानमामा. शिक्रापूरच्या चौकात चढले की खिडकी धरायचे, आणि रांजणगावच्या कारखान्यांची धुराडी दिसायला लागली की पुटपुटायला सुरुवात. "काळा. हवा कमी पडतीय." जरा पुढं गेलं की, "पांढरा. वलं जळण घातलंय येड्यानं." आणि एखाद्या चिमणीतून काहीच निघत नसलं, वरची हवा नुसती थरथरत असली, की मांडीवर थाप मारायचे. "वा रं पठ्ठ्या! कोन हाय तिथं शिफ्टला? चा पाजला पायजे त्याला."

मला सकाळी सकाळी कुणी बोललेलं खपत नाही. त्यात हे धुरावर प्रवचन! पहिल्याच आठवड्यात मी फटकारलं, "मामा, लोक ढगात हत्ती-घोडे बघतात. तुम्ही हे काय बघत बसता?"

त्यांना राग कसा तो माहीत नव्हता. म्हणाले, "मॅडम, ढगाचं काय, तो कुनाच्या हातचा न्हाई. धूर कुनाच्या तरी हातनं झाल्याला असतो."

सोपान साळवे. गाव केंदूर. आमच्या सॉस-चटण्यांच्या कारखान्यातले बॉयलर अटेंडंट, म्हणजे पाण्याची वाफ करणाऱ्या त्या अजस्र भट्टीचे राखणदार. मी तिथंच पाण्याची केमिस्ट. बॉयलरमध्ये जाणारं पाणी जड की हलकं ते तपासायचं हे माझं काम, त्यामुळं दिवसातून दोनदा बाटली घेऊन त्यांच्या दारात उभं राहावं लागायचं. मी तळेगाव ढमढेऱ्याची, जिभेला हाड नसलेली. ते मोजून बोलणारे. तरी आमचं जमलं.

पण आज लिहायला बसले ती शेवंतामामींमुळं. मामांची बायको. जन्मभर दुसऱ्यांचा धूर वाचलेल्या या माणसाची नोकरीतली शेवटची दोन वर्षं मामींच्या श्वासाला टांगलेली होती. आणि त्यात माझाही एक घास आहे. तो कुठला ते सांगेनच, लपवून काय करू?

बॉयलर हाउस आमच्या कारखान्याच्या पार मागं, भंगाराच्या शेडशेजारी. पाहुणे आले की त्यांना पॅकिंगच्या चकचकीत मशिनी दाखवायचे. मागं कुणी न्यायचं नाही. पण मामांनी सकाळी वाफ सोडली नाही तर एक टोमॅटो शिजायचा नाही, एक बाटली धुऊन निघायची नाही. दुपारी आम्हा सगळ्यांचे डबेसुद्धा त्यांच्याच कृपेनं गरम व्हायचे. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीचं झाकण कायम कढत असायचं, त्यावर ओळीनं डबे मांडलेले. कुणाच्या डब्यात काय आहे हे मामांना वासावरून कळायचं, आणि कुणाचा डबा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशी. "त्या पॅकिंगच्या पोरीचा निळा डबा दिसंना. घरी बरं हाय ना तिचं?"

पाइपांवरून ते उलटा हात फिरवत चालायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. हात पाइपाला लागायचा नाही, बोटभर अंतरावरूनच. कुठं जास्त झळ लागली की थांबायचे, खिशातून सुतळी काढायची आणि गोणपाटाचा तुकडा गुंडाळायचा. साहेब लोक हसायचे, "मामांनी पाइपाला गोधडी शिवली." नंतर मेंटेनन्सवाले यायचे, मापं घ्यायचे आणि बरोबर त्याच जागी चांगलं वेष्टण बसवून जायचे. कुठल्या सांध्यातून फुस्स करून पांढरी वाफ निघाली की मामांचा जीव कासावीस. "वाफ दिसली म्हंजी वाफ गेली," असं म्हणायचे. पहिल्यांदा मला ते कोडं वाटलं. मग त्यांनी बॉयलरवरच्या काचेच्या नळीतून दाखवलं, आत कोंडलेली खरी वाफ दिसतच नाही. बाहेर पडून थंड झाली की मगच पांढरी होते.

एकदा पुण्याहून एक तरुण साहेब आले. कारखाना ऊर्जा किती खातो आणि कुठं वाचवता येईल, हे तपासायला. गळ्यात कार्ड, हातात टॅब. तीन दिवस ते दिवे मोजत होते, पंखे मोजत होते, मोटारी मोजत होते. माल वाहणाऱ्या टेम्पोंना डिझेल किती लागतं तेही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी जाताना लघुशंकेला म्हणून मागं आले, ते बॉयलर हाउसच्या दारावरून.

मामा उठून उभे राहिले. "साहेब, आमचं बगायचं ऱ्हायलं का?"

साहेबांनी आत डोकावलं. "इथं दोनच ट्यूबलाइट आहेत ना?"

मी नमुना घ्यायला आले होते, तिथंच उभी. मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी साहेबांना अदबीनं आत घेतलं, भट्टीच्या झरोक्यावरचं झाकण सरकवलं आणि म्हणाले, "हितं डोळा लावा."

आत पांढरीफेक आग. साहेब दचकून मागं आले.

"दिवा लावायला जळण लागतं, गाडी पळवायला जळण लागतं, ते समद्यांना ठावं हाय," मामा म्हणाले. "पण साहेब, शिजवायचं कशावर? वाळवायचं कशावर? ईट भाजायची, लोखंड वितळवायचं, कापड रंगवायचं, दूध तापवायचं? निस्ती ऊब लागती साहेब, ऊब. देशात जिथं जाल तिथं भिताडाआड कोनतरी आमच्यावानी बसलंय आन् जाळतंय. ते तुमच्या त्या पाटीवर कुठं लिवलंय?"

साहेबांनी टॅबकडं बघितलं. भला माणूस असणार, कारण पुण्याची गाडी परत पाठवली आणि आणखी दोन दिवस राहिला. मामांच्या मागं मागं फिरला, उलट्या हातानं पाइपांची झळ घ्यायला शिकला. त्याच्या अहवालात पुढं सगळ्यात लांबलचक भाग बॉयलर हाउसचा निघाला, हे मी डोळ्यांनी वाचलंय.

ही विद्या मामांना वडिलांकडून आलेली. त्यांचे वडील दौंड तालुक्यात एका गुऱ्हाळावर आग सांभाळायला असायचे. गुऱ्हाळाची गंमत अशी, की उसाचा रस आटवायची ती मोठी काहील वर असते, आणि तिच्या खाली जमिनीत खड्डा खणून चुलवाण. आग घालणारा त्या खड्ड्यात बसून वाळलेली चिपाडं आत सारत राहतो. वर गुळव्या ओरडणार, "वाढव!", "आवर!", आणि खालच्यानं त्या आवाजावर आग राखायची. रस उकळला की करपला, त्याला काही दिसत नाही.

"हंगामामागनं हंगाम बाप त्या खड्ड्यात," मामा एकदा डबे उतरवता उतरवता सांगत होते. "पर काहील काय त्यानं पायली न्हाई. आमच्या लोकास्नी काहिलीपाशी जाऊ देत नव्हते तवा. आग आमची चालायची, हात चालत नव्हता. गूळ निघाला की पानावर ढेकूळ ठिवायचे, लांबनं. बाप वर येऊन निस्ता धुराकडं बगायचा. भुईवर धुराची सावली पडती ना, ती बगून सांगायचा, आज गूळ पिवळाधमक व्हनार."

माझं आजोळ दौंडकडचंच, आणि आजोळीही गुऱ्हाळ होतं. सुट्टीत आम्ही पोरं वर काहिलीभोवती नाचायचो, काकवी प्यायचो, गरम गूळ बोटानं चाटायचो. खाली खड्ड्यात कोण बसलंय हे वाकून बघायचं एकदाही सुचलं नव्हतं. मी मामांना तसं सांगून टाकलं. माझं तोंड बहुतेक पडलेलं असणार, कारण ते माझीच समजूत घालायला लागले. "तुमी लेकरं व्हता. आन् आता बगा की, माज्याकडं काच हाय." बॉयलरच्या पोटातलं पाणी दाखवणारी ती उभी काचेची नळी त्यांनी फडक्यानं पुसली. सर्टिफिकेटची परीक्षा ते दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले होते. वरचं दिसल्याशिवाय खालची आग घालायची नाही, एवढ्या एका हट्टापायी.

आता तो घास.

त्या वर्षी थंडीत मामांनी आम्हा लॅबमधल्या चौघींना केंदूरला जेवायला बोलावलं. बौद्धवस्तीतलं दोन खोल्यांचं, निळ्या दाराचं नीटनेटकं घर. शेवंतामामी दारातच आल्या, "जय भीम" म्हणाल्या आणि एकेकीच्या हातावर पाणी घातलं. किडकिडीत बाई, पण तोंडानं खमकी. मामा बाहेर मोजून बोलत, कारण घरात त्यांना बोलायला वावच नसावा.

स्वयंपाकघरात चूल. मामींनी स्वतःच्या हातानं घातलेली, पोतेरं फिरवून तुकतुकीत केलेली. तुराट्या आणि गोवऱ्यांचा जाळ. कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि सिलिंडर होता, पण त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. "त्यो पाव्हण्याच्या चाला," मामी म्हणाल्या. "भाकर आपली चुलीवरच. ह्यास्नी दुसरी उतरत न्हाई."

मामा फुशारकीनं हसले. "व्हय. गॅसवरची भाकर म्हंजी निस्तं पीठ भाजल्यालं."

बाजरीची भाकरी निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची आणि थेट आमच्या ताटात. सोबत भरीत आणि ठेचा. खोलीत धूर मावत नव्हता, आमचे डोळे चुरचुरत होते, वरचे वासे डांबर फासल्यासारखे काळेकुट्ट. आणि मामी खोकत होत्या. पदर तोंडाला लावून, भाकरीची थाप न चुकवता. मी म्हटलं, "मामी, औषध घ्या की." त्या म्हणाल्या, "खोकला माजा न्हाई गं, चुलीचा हाय. ती इझली की त्योबी जातो." सगळ्या हसलो. आणि मी, बोलघेवडी, वर म्हणाले, "मामी, काही म्हणा, ही चव गॅसला नाही. चूल सोडू नका हां!" आणि तिसरी भाकरी मागून घेतली.

तोच तो घास. अजून गिळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा तीन दिवस कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. चौथ्या दिवशी आले तेव्हा बसमध्ये खिडकीशी बसले नाहीत, मधल्या रांगेत बसले आणि चिमण्या आल्या-गेल्या तरी बघितलं नाही. दुपारी मी बाटली घेऊन गेले. ते स्टुलावर बसून हातातलं फडकं पिळत होते. कोरडंच.

मामींना धाप लागून निळं पडायला झालं होतं. शिरूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मामांना विचारलं, "बाई किती वर्षं बिडी ओढतात?" मामा भडकले. तिनं तंबाखूसुद्धा कधी हातात धरली नाही म्हणाले. मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, "स्वयंपाक कशावर करतात?" आणि तिसरा, "तुम्ही काय काम करता?"

"मी म्हनलं, बॉयलरवर हाय. धूर बगतो," मामा मला सांगत होते. "डॉक्टर कायबी बोलला न्हाई, मॅडम. निस्तं माज्याकडं बगितलं."

फुप्फुसं कायमची गेली होती. वाढू द्यायचं नाही एवढंच हातात, त्यासाठी धुराचा कणही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दुनियेची धुराडी बगत हिंडलो," मामा म्हणाले. "काळा धूर दिसला की दुसऱ्याला येडा म्हनलो. आन् माज्या घरात, माज्या भाकरीसाठी..." त्यांनी फडकं पुन्हा पिळलं. मी म्हटलं, "मामा, मीपण म्हणाले होते, चूल सोडू नका." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुमी एक दिवस म्हनला."

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी पहारीनं चूल फोडली. आणि तिथंच त्यांचं गणित चुकलं. मामींनी आकांत केला. म्हणाल्या, माझ्या हातची चूल, मला विचारल्याबिगर फोडली! चार दिवस नवऱ्याशी अबोला. पाचव्या दिवशी कळलं की मामा कामावर गेले की मामी शेजारी जावेच्या घरी जाऊन चुलीवर भाकऱ्या थापतात, फडक्यात गुंडाळून आणतात आणि गॅसवर केल्या म्हणून नवऱ्याला वाढतात. का, तर नवऱ्याला दुसरी उतरत नाही! भाकरीच्या पोटावरचा राखेचा डाग बघून मामांनी चोरी पकडली.

मग मामांनी दुसरी तोड काढली. परात पुढ्यात ओढली आणि स्वतःच भाकरी थापायला बसले. साठीला टेकलेला माणूस, बाजरीच्या पिठात कोपरापर्यंत. पहिल्या भाकरीला कडा नव्हत्या, दुसरीला मध्य नव्हता. रोज सकाळी डब्यात जे काही जमलंय ते घेऊन कारखान्यात यायचे आणि मला तुकडा मोडून द्यायचे, "तपासा मॅडम." मी पाणी तपासणारी बाई, मला भाकरी तपासायला लावली! "मामा, ही भाकरी नाही, गॅस्केट आहे," मी म्हणायचे. ते वहीत टिपायचे. खरंच टिपायचे हो. पाणी किती कढत, आच कधी बारीक, तवा किती तापला. शेगडीची भोकं टाचणीनं साफ करून जाळ असा निळाशार केला होता की बॉयलर इन्स्पेक्टरनं पास करावा.

मामी दाराबाहेर खुर्चीवर बसून शेरे मारायच्या. "पापड बरा ह्याच्यापरीस." तीन महिन्यांनी एक दिवस भाकरी फुगली. मामांनी ती तशीच तव्यावरून ताटात घेऊन बाहेर नेली. मामींनी बोटानं टोचून वाफ घालवली, तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ इसरला." बाजरीच्या भाकरीत त्या कधीच मीठ घालत नव्हत्या. मामांनी दुसऱ्या दिवशी बसमध्ये हे मला सांगितलं तेव्हा हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वस्तीत मात्र त्यांनी पिच्छा पुरवायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी गल्लीतून पत्र्यांकडं बघत चालायचे. कुणाच्या पत्र्यावर धूर दिसला की दारात हजर. एका सुनेनं सुनावलं, "मामा, सिलिंडर भरून द्या, मग शिकवा." ते तसेच परत फिरले. त्यांनी मला विचारलं, "तिचं चुकलं का?" मी म्हटलं, "नाही." "मलाबी न्हाई वाटत," म्हणाले. मग त्यांनी मॅनेजरची परवानगी काढून भंगारातले जुने पाइप नेले आणि ज्यांना चुलीशिवाय इलाज नव्हता त्यांच्या चुलींना धुराडी बसवून दिली. हवा कुठून घ्यायची, धूर कुठून सोडायचा, सगळं बॉयलरच्या हिशेबानं. त्या सुनेच्या घरापासूनच सुरुवात केली.

मामींची तब्येत काही दिवस बरी, काही दिवस वाईट. दारापासून समोरच्या कडुनिंबापर्यंत एका दमात चालता आलं तर तो चांगला दिवस. मामा बसमध्ये चढले की आम्ही आधी तेच विचारायचो, "निंबापातुर?" ते कधी मान डोलवायचे, कधी हातानं अर्ध्यावरची खूण करायचे. पहिल्या हिवाळ्यात पोचत होत्या. दुसऱ्या हिवाळ्यात खूण अलीकडं अलीकडं यायला लागली.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी मामी रिक्षा करून कारखान्यात आल्या. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मामींना त्यात रस नव्हता. "ह्यांची ती भट्टी दावा मला," म्हणाल्या. इतक्या वर्षांत बघितली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं.

मी आणि मामा दोन्ही बाजूंनी धरून त्यांना मागं घेऊन गेलो. दर दहा पावलांवर थांबत. मामांनी नव्या नवरीला घर दाखवावं तसं सगळं दाखवलं. प्रेशरचा काटा, पाण्याची काच, डब्यांची टाकी. शेवटी झरोक्याचं झाकण सरकवलं. मामींनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. आगीचा उजेड त्यांच्या गालावर पडला होता.

"एवढी मोठी आग," त्या म्हणाल्या. मग बाहेर येऊन मान वर करून चिमणीकडं बघितलं. वर निळं आभाळ. "आन् धूर कुठं हाय?"

"नसतो," मामा अभिमानानं म्हणाले. "नीट हवा दिली, जळण वाळल्यालं घातलं, की नसतो."

मामींनी त्यांच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, लहान मूल विचारतं तसं विचारलं.

"मग घरी का व्हता?"

मामांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. मी दुसरीकडं बघायला लागले. मामींनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मामांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला. भाकरी करायच्यात तुमाला."

त्यानंतर पावसाळाभर तग धरला त्यांनी. दिवाळीच्या आधी गेल्या.

मामींच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी केंदूरला गेले. दारात मांडव, मांडवात सगळी वस्ती. पुढं टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी मामींचा मोठा करून आणलेला फोटो, हार, मेणबत्त्या. ती सिलिंडरवाली सूनही आली होती, डोळे सुजलेले. वंदना सुरू व्हायची होती. मामींच्या भाचीनं उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला आणि फोटोपुढच्या तांदळाच्या पेल्यात खोचला. धुराची जाड वेटोळी फोटोच्या काचेवर चढायला लागली.

मामा पुढच्या रांगेत बसले होते. पांढरे कपडे, दाढी वाढलेली. ते उठले. पेला उचलला, दोन्ही हातांनी धरून मांडवाच्या बाहेर नेला आणि पार निंबाच्या बुंध्याशी ठेवला, वारा पलीकडं वाहत होता त्या बाजूला.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आरं सोपान, पूजा हाय. उदबत्ती नगं का?"

"हाय की आप्पा. भाईर लावलीय," मामा म्हणाले. "तिला धूर सोसत न्हाई."

सोसत नव्हता असं म्हणाले नाहीत.

परत येऊन ते फोटोपुढं वाकले. एका मेणबत्तीची वात लांब झाली होती, तिच्या टोकाला केसाएवढी काळी रेघ उठत होती. मामांनी चिमटीत धरून वातीचं टोक मोडलं. बोट भाजलं असणार. ज्योत एकदा हलली आणि सरळ उभी राहिली. धोतराच्या सोग्यानं त्यांनी फोटोची काच पुसली, मग मान वर करून मांडवाच्या कापडाखाली धूर उरलाय का ते बघितलं. मी पहिल्याच रांगेच्या कडेला होते, म्हणून ऐकू आलं. फोटोकडं बघून ते हळूच म्हणाले,

"न्हाई आता."